लोर्नाच्या अंगणातली पाटी

लोर्ना झुबिक शाळेची बस चालवायची. बावीस वर्षांत एकही मूल तिने चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही, पण लेकीच्या कॉलेजच्या कागदाने तिला भर एप्रिलात चकवलं.

कागद दोन होते. हॅलब्रुक कॉलेजचा जाडजूड, सोनेरी शिक्क्याचा. वर अभिनंदन, खाली मदतीची यादी, आणि शेवटी 'तुम्ही भरायचे : शून्य डॉलर'. सरकारी कॉलेजचा पातळसा, भरायचे सोळा हजार. आता शून्य बरं की सोळा हजार, हे कुणाला विचारायला जायचं?

लेकीचा, कोराचा, जीवही हॅलब्रुकवरच होता. मायलेकींनी पंचवीस डॉलर मोजून पाटी मागवली, 'इथे हॅलब्रुकची विद्यार्थिनी राहते', आणि अंगणात रोवली. पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या गावात पाटी रोवली म्हणजे साखरपुडाच झाला म्हणा ना. मागे फिरायचं तर गावाला तोंड द्यावं लागतं.

शुक्रवारी चर्चच्या तळलेल्या मासळीच्या पंगतीत लोर्ना टेबलाटेबलाशी बातमी सांगत हिंडली. शेजारचा वर्न म्हणाला, "माझ्या नातीलाही शून्यच आलं होतं. ते शून्य मी अजून फेडतोय."

"तोंडात घास आहे तुझ्या. तो गीळ आधी."

पण तो घास अडकला तिच्याच घशात. घरी येऊन तिने यादी पहिल्यांदा ओळीन् ओळ वाचली. अनुदान सत्तावीस हजार. कोराच्या नावे कर्ज साडेपाच. कॉलेजातच काम करून कमवायचे अडीच. आणि 'पालक-योजना', सव्वीस हजार. झालं, वर्षाचा एकसष्ट हजारांचा खर्च बरोब्बर फिटला.

सकाळची फेरी संपवून तिने उभ्या बसमधूनच हॅलब्रुकला फोन लावला. चाळीस मिनिटं फोनमधली बासरी ऐकली, तेव्हा कुठे एक बाई बोलल्या.

"पालक-योजना म्हणजे काय हो?"

"ती एक संधी आहे, मॅडम."

"कसली?"

"कर्ज घेण्याची. तुम्ही."

"मग ते मदतीत कसं आलं?"

"सगळ्यांना तसंच लिहितो आम्ही."

"शेजाऱ्याने मला म्हटलं, सावकाराचा पत्ता देतो, तर मी त्याला मदत म्हणायचं का?"

बाईंनी फेरविचाराचा अर्ज सुचवला. लोर्नाने नवऱ्याच्या पाठीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रं धाडली. ती पोचली नाहीत, म्हणून पुन्हा धाडली. मग सही चुकली. मग त्या बाई रजेवर गेल्या. जागा पक्की करायला पहिली मे ही शेवटची तारीख, आणि उत्तर आलं अठ्ठावीस एप्रिलला : अनुदानात हजाराची वाढ, पुन्हा अभिनंदन.

तिने बसच्या हजेरीच्या वहीतलं पान फाडलं. जे फेडायचं ते खोडलं, जे राबून मिळवायचं तेही खोडलं. उरलं नुसतं अनुदान. हॅलब्रुकला वर्षाला तेहतीस हजार घरचे, सरकारीला सोळा. अशी चार वर्षं.

कोराने पान पाहिलं. बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली.

"तू कर्जावर सही कर, आई. मी फेडीन."

"सही माझी आहे ना, मग फेडणारी मी. बाबा परत खाणीच्या कामावर जाऊ शकले असते तर केलीही असती."

"मग पाटी कशाला लावलीस?"

लोर्नाकडे अक्कल होती, पण ती मागाहून आलेली.

तीस तारखेला कोराने स्वतःच सरकारी कॉलेजला होकार कळवला आणि बाहेर जाऊन पाटी तिच्या तारेच्या पायांसकट उपटली. वर्न कुंपणापाशी उभा होता. लोर्नाला वाटलं, आता हा बोलणार. तो म्हणाला, "तारा टाकू नकोस, पोरी. वाटाण्याचे वेल चढवायला बऱ्या असतात."

आठवड्याने सरकारी कॉलेजचं पत्र आलं : पाटी हवी असल्यास पंधरा डॉलर. लोर्नाने ते उलटसुलट करून दोनदा वाचलं आणि कचऱ्यात टाकलं. वाटाणे कोराने पेरले होते, पण आईशी धड बोलायला लागली ती वेलांना शेंगा लागल्यावरच.