मावशींची हरकत

“आदी बांध बगायचा, मंग पाय घालायचा,” असे म्हणत मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि भाताच्या खाचराचे चारी बांध नजरेने फिरून येत. कुठल्याही बांधावर तांबडे फडके दिसले नाही, तरच त्या खेकडे धरायला पाण्यात उतरत. त्यांना घाईने उतरताना कोणी पाहिले असेल, तर त्याने पुढे यावे. मी पाहिलेले नाही.

मावशी वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरालगतच्या वाडीत राहत. सत्तर साल उलटल्यानंतरची ती वर्षे. त्या भागातल्या भातावरील फवारणीची सरकारी देखरेख माझ्याकडे होती. विषारी औषध मारलेल्या खाचराच्या बांधावर काठीला तांबडे फडके बांधून रोवायचे आणि आठ दिवस कोणाला आत उतरू द्यायचे नाही, असा तेव्हा आमच्याकडे नियम होता. फडके रोवणे माझे काम. ते नीट रोवले आहे की नाही हे पाहण्याचे काम मावशींनी आपण होऊन पत्करले होते.

“भाऊ, ह्ये फडकं म्हनायचं का चिमनीचं लुगडं?” एकदा त्यांनी मला मजुरांदेखत विचारले.

“नियमात माप दिलेले नाही, मावशी.”

“मंग आमच्या डोळ्याच्या मापानं लावा. आमी लांबून येतो.”

मी चिडलो. दुसऱ्या दिवशी हातभर फडके लावले, हेही खरे.

जमीन मालकाची, पीक मालकाचे, पण खाचरातला खेकडा धरील त्याचा, ही तिथली जुनी रीत. फवारणी कधी झाली हे मालकाला ठाऊक असते. वाडीला ते कोणी सांगायला जात नाही. आदल्या वर्षी तण काढायला मजूर येईनात, म्हणून एका मालकाने फडके उपटून टाकले होते. त्या खाचरातले खेकडे मावशींच्या नणंदेच्या चुलीवर गेले. नणंद वाचली, पण तिचे हात कायमचे थरथरू लागले. भाकरी थापायची वेळ झाली की ती मावशींना हाक मारी.

अशात राज्याच्या नव्या विधेयकाचा मसुदा आला. फडक्याची सक्ती त्यातून काढली होती. मालकाने ‘आपल्या सोयीने सूचना द्यावी’, एवढेच वाक्य उरले होते. ज्यांची हरकत असेल त्यांनी तालुक्याला येऊन ती मांडावी, अशी दवंडी गावोगाव फिरली.

त्या दिवसाची हकीगत सोमाटण्यापासून लोणावळ्यापर्यंत तीन-चार तऱ्हांनी सांगितली जाते. मावशींनी मेलेले खेकडे टेबलावर फेकले, असे म्हणतात. खोटे. अन्न फेकणारी बाई ती नव्हती. साहेबांना शिव्या घातल्या, असेही म्हणतात. तेही खोटे. शिव्यांचा मान त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

घडले ते असे. पुण्याहून आलेले साहेब मध्ये बसले होते आणि शेजारी लिहून घ्यायला मी. फडके पाहून मजूर बिचकतात, कामे अडतात, असे मालक मंडळी एकेक करून सांगून गेली. मग झाकलेले पातेले घेऊन मावशी पुढे आल्या.

“बोला मावशी, काय हरकत आहे?” साहेबांनी विचारले.

“बोलनं मागनं. आदी दोन घास खावा. लांबून आलाय तुमी.”

झाकण निघाले. खेकड्यांचे कालवण, वर लालभडक तवंग. साहेब मूळचे समुद्रकाठचे, त्यांचा चेहराच खुलला. मावशींनी पानावर भाकरी ठेवली, दोन जाडजूड नांग्या वाढल्या. तेवढ्यात प्रश्न आला, “कुठल्या खाचरातले हे?”

मावशी शांतपणे म्हणाल्या, “बगा. तुमाला बी इचारावं लागलं. आमी कुनाला इचारायचं? हीच माजी हरकत. लिवा.”

साहेबांनी नांगी पानात परत ठेवली.

तो प्रश्न साहेबांनी विचारला, असे आजही सगळे सांगतात. साहेब हयात नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी सांगतो. त्यांनी बाही सरसावली होती, नांगी तोंडाशी नेली होती. प्रश्न मी विचारला. ‘पाणी उतरले की विषही उतरते’ असे म्हणत नव्या मसुद्याची बाजू महिनाभर मालकांच्या ओसरीवर सांगत फिरणारा मी.

हरकत शब्दशः लिहिली, मावशींचा अंगठा घेतला, कागद मुंबईला गेला. विधेयक तरीही मंजूर झाले आणि सक्ती गेली. मावशी जिंकल्या म्हणणाऱ्यांनी एवढे ऐकून ठेवावे. माझी बदली होईपर्यंत मी फडकी लावत राहिलो. कोणाच्या हुकमाने, ते विचारू नये.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. ते खेकडे कुठले होते, हे मी त्यांना निदान दहा वेळा विचारले असेल. “तुमी आपली कागदं लिवा,” एवढेच उत्तर मिळे. पण त्या दिवशी त्या कचेरीबाहेर पडल्या, तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. पायरीवर पाय पसरून त्या बसल्या, एकेक नांगी दातांनी फोडून सगळे कालवण त्यांनी एकट्यांनी संपवले आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पातेले लख्ख पुसून घेतले.