पांढरीचे वाटे

पुरातत्त्व हा माझा दुय्यम विषय होता. मुख्य विषयाच्या वेळापत्रकात त्याचेच तास बसत होते म्हणून घेतला, दुसरं कारण नव्हतं. पण वडिलांनी नांदेडला पाठवताना बजावलं होतं, "एक वर्ष जरी बुडालं तरी थेट घरी." नापास झाल्यावर विषय मुख्य होता की दुय्यम, हे त्यांनी विचारलं नसतं. त्यामुळे शेवटच्या वर्षाचं उत्खननाचं प्रात्यक्षिक पार पाडणं भाग होतं.

सरांनी जळकोटच्या अलीकडचं एक गाव निवडलं. गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं, म्हणजे उठून गेलेल्या जुन्या वस्तीच्या भिंतींची साचलेली माती. मैत्रीण आणि मी तिथे छोटा खड्डा घेतला. वर तांबूस थर, मधे राखेचा, खाली पांढरा. माती चाळून खापरं वेचायच्या चाळण्या सर नांदेडहून आणणार होते, तोवर मी प्रत्येक थराची माती वेगळ्या ढिगात ठेवली, ढिगात काठी रोवली आणि काठीला थराची चिठ्ठी बांधली. काम नीटनेटकं झालं होतं.

एवढ्यात सर रिकाम्या हाताने आले. परवानगीचं पत्र त्यांनी जुन्या जिल्ह्याच्या कचेरीला पाठवलं होतं आणि गाव आता नव्या जिल्ह्यात होतं. पत्राशिवाय परीक्षक येणार नव्हते. सर चाळण्यांसाठी नांदेडला परतले, आम्ही पत्रासाठी नव्या जिल्ह्याच्या कचेरीत, लातूरला गेलो.

"त्या गावाच्या कामाचं टेबल अजून जुन्या जिल्ह्यातनं आलं न्हाई," पहिला कारकून म्हणाला.

"टेबल आलंय. साहेब आले न्हाईत," दुसरा म्हणाला.

साहेब आले तेव्हा कपाटाची किल्ली नव्हती. शेवटी पत्र घेऊन आम्ही गावात परतलो, तर टेकाडावर नुसत्या काठ्या पडलेल्या. ढीग गायब.

जवळच्याच घरावर एक मावशी माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, माती चोपत होती.

"मावशी, इथली माती कुठाय?"

"नेली की. वाटे तुमीच पाडलते न्हवं?"

"कसले वाटे?"

"ढिगाला काठी, काठीला चिठ्ठी. मंग काय लग्नाची पत्रिका व्हती ती? नाव कुनाचं न्हवतं, म्हनून जी आधी आली तिनं उचलला."

मी कपाळावर हात मारला. दुष्काळी कामावर खड्डा मोजायचा, ढीग लावायचा, काठी रोवायची, हे साऱ्या गावाच्या अंगवळणी पडलेलं. सरकारने यंदा माळवदाची माती काढून दिली, अशी सगळ्यांची समजूत झाली होती. मृगाच्या आधी छतावर नवी माती घालायची तिथली रीतच आहे.

"दोन सालं पाऊस नाही, आणि माती कशाला घालता?" मी वैतागून विचारलं.

"अन् आला मंग? तू धरनार हाय छत्री?"

"निदान त्यातली खापरं तरी?"

"खापरं कोन घालतंय वर? गळतं त्यानं. येचून टाकली भितीखाली."

तीन ढीग तीन घरी गेले होते आणि तिन्ही घरांच्या भिंतीखाली खापरांचा लहानसा ढिगारा होता. कुठला कुठल्या थराचा, हे टेकाडावर उभं राहिलं की दिसत होतं. एक छत तांबूस, एक पांढरं, एक राखाडी. दोन घरांनी खापरं लगेच दिली. तिसरी, राखाडी छतवाली, दारात आडवी उभी राहिली.

"आधी माजा वाटा बदला. त्या दोघीस्नी चांगली माती अन् मला चुलीतली राख? का, मी काय तुमची सवत हाय?"

ते वाटे नव्हतेच, हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि टोपलं माझ्या हातात दिलं.

तेवढ्यात सर चाळण्या घेऊन आले. म्हणाले, "हे प्रात्यक्षिकात बसत नाही."

"सर, नापास होणं माझ्या घरी बसत नाही."

टेकाडाच्या पलीकडच्या, आधीच उकरलेल्या अंगाची पांढरी माती आम्ही भर उन्हात वाहिली. राखाडी छतवाली वरून सांगत होती, "अजून एक टोपलं. कोपरा ऱ्हाऊन गेला." सरांनी चाळण्या सावलीला ठेवल्या आणि तेही एक टोपलं घेऊन आले. संध्याकाळी खापरं मिळाली. वर हुकूम, की छतावरून उतरवलेली राख उद्या उचलून न्यायची. तीही नेली.

परीक्षकांनी खापरांच्या तिन्ही पिशव्या उघडून पाहिल्या. "इतकी स्वच्छ वेचणी विद्यार्थ्यांची नसते," ते म्हणाले. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मी पास झाले. मुख्य विषयापेक्षा त्या दुय्यम विषयातच जास्त मार्क पडले. वडिलांनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि घडी घालत म्हणाले, "मग ह्योच का न्हाई मुख्य घेतलास?"