काळ्या घोंगडीखालची आत्या

माझ्या आत्याला जिवंत माणसांपेक्षा दगडांची भीती जास्त वाटायची आणि दगडांशिवाय तिला एक दिवस करमायचं नाही. सरकारी प्रयोगशाळेत ती भूशास्त्रज्ञ होती. लग्न केलं नव्हतं. ठाणे पूर्वेला कोपरीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि तिच्याबरोबर हिमालय राहायचा, तुकड्यातुकड्यांनी, फडताळात, पलंगाखाली, देवघराच्या खालच्या कप्प्यातसुद्धा. डोंगराला आतून जी चीर पडते आणि जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासत सरकतात, तिला भ्रंश म्हणतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं, कारण भ्रंशाच्या अल्याडचे दगड तिच्या बाहेरच्या खोलीत असत आणि पल्याडचे आतल्या. एका उन्हाळ्यात माझ्या आईने नकळत दोन्हीकडचे एकेक उचलून पापडांच्या चादरीवर वजन म्हणून ठेवले, तर आत्या अंगणात धावत आली. "वहिनी, यांना शेजारी नको ठेवूस! यांचं अजून मिटलेलं नाही!" आई पापड तसेच टाकून डोंबिवलीला परत आली आणि त्या वर्षी आम्ही पापड विकत आणले.

कोणता दगड मूळचा कुठला, हे ती त्यातली मूलद्रव्यं तपासून सांगायची, आणि ही सवय माणसांपर्यंत पोचली होती. माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं तेव्हा एका स्थळाकडच्या बैठकीत तिने मुलीच्या वडिलांकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही इथले नाही. तुम्हाला कुणीतरी ढकलत आणलंय." ते गृहस्थ खरोखरच सासुरवाडीला घरजावई होते. स्थळ अर्थातच मोडलं.

खाडीकडून मासे घेऊन येणारी कोळीण मात्र तिच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. पाटी बाहेरच ठेवायची. "बाय, तुजे घरान कोन हाय गो? उसासं टाकतं." आम्ही हसायचो. मग एकदा मे महिन्याच्या दुपारी मी त्या घरात एकटाच बसलेलो असताना फडताळातून आवाज आला, कुणी सावकाश बोटं मोडावीत तसा. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून दुसरा आला, पहिल्याला उत्तर दिल्यासारखा. आत्या बाजारातून येईपर्यंत मी चपला घालून दारात उभा होतो. "घाबरलास?" ती पिशवी ठेवत म्हणाली. "अरे, डोंगराखाली दबून राहिलेत बिचारे. आता हळूहळू मोकळे होतायत." तिचं हे मोकळं होणं ऐकून मला जास्तच भीती वाटली.

तिचं खरं काम होतं भ्रंश शेवटचा कधी सरकला ते शोधण्याचं. एकदा तिने मला प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तांबड्या दिव्यात तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. दगडाच्या कणांत वर्षानुवर्षं एक प्रकारचा उजेड साठत जातो, ती सांगू लागली. कण तापवले की तो बाहेर पडतो. भ्रंशात दगड भरडला गेला किंवा त्याला ऊन लागलं, की साठा पुसला जातो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. तिने एक चिमूट कण तापवले. यंत्राच्या पेनाने कागदावर उंच टेकडी काढली. "हा लाखो वर्षं स्वस्थ आहे." मग गढवालमधल्या एका गावाखालच्या भ्रंशातली करडी भुकटी घातली. पेन जवळजवळ सरळच गेलं.

"यात काहीच नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही, म्हणजे आत्ताच सरकलाय. चारपाच पिढ्यांपूर्वी. डोंगराच्या दृष्टीने आत्ताच." तिचा आवाज अगदी खाली आला होता. "आणि सगळे म्हणतात, हा मेलेला आहे."

वरिष्ठांनी ते मानलं नाही. नमुन्याला ऊन लागलं असणार, म्हणाले. ऊन लागू नये म्हणून ही बाई भरदिवसा घळीत काळी घोंगडी पांघरून, आत हातोडी घेऊन बसली होती, हे त्यांना कोण सांगणार? गावकऱ्यांनी ते पाहिलं होतं. ज्या मास्तरांच्या घरी ती उतरली होती, त्यांच्या म्हाताऱ्या आईने त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. निघताना आत्याने तिला तुटक्या हिंदीत सांगितलं, "माँजी, हे घर चिरेवर आहे. घळीच्या समोरच्या अंगाला बांधा." म्हातारीने दार लावून घेतलं.

काही वर्षांनी, दिवाळीच्या आधी, टीव्हीच्या बातम्यांत भूकंपाचं कळलं. आत्याने त्या मुलखाचं नाव ऐकलं आणि ताट सारलं. पुढचे कितीतरी दिवस ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर उभी असायची. अखेर तालुक्याच्या गावाहून मास्तरांचाच फोन शेजाऱ्यांकडे आला. मी तेव्हा तिथेच होतो. रिसीव्हर कानाला लावून आत्या आधी हसली, खूप हसली, मग भिंतीला टेकून खाली बसली.

"ते वाचले," ती मला म्हणाली. "मी आले त्याच वर्षी त्यांनी समोरच्या अंगाला घर बांधलं. म्हातारी हटूनच बसली म्हणे, की ती चेटकीण आहे, तिचा शब्द मोडायचा नाही."

"मग रडतेस कशाला?"

"बाकी गाव गेलं रे." तिने डोळे पुसले नाहीत. "मी एकाच घरी सांगितलं. बाकीच्यांकडे मी कधी चहासुद्धा प्यायले नव्हते, मग सांगणार कुठल्या ओळखीवर?"

त्याच साली ती निवृत्त झाली. पुढची काही वर्षं, गुडघे चालेनासे होईपर्यंत, थंडी सरली की ती एकटी जायची. त्या भ्रंशाच्या रेषेवरची गावं एकेक करून घ्यायची, आणि गावातलं प्रत्येक दार वाजवून आत जाऊन बसायची. परत आली की पंधरा दिवस पित्ताने आडवी असायची. चहा तिला अजिबात सोसत नसे.