साहेबांसाठी थांबवलेलं कासव

माईक हातात आला की मला अजूनही भूक लागत नाही आणि समोरचे लोक जांभया देताहेत हेही दिसत नाही. तरुणपणी तर हे खूळ फारच होतं. रेणापूरजवळच्या एका गावात मी शाळेवर होतो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यामुळे रोज कसलं ना कसलं उद्घाटन, आणि प्रत्येक ठिकाणी बोलायला मी. पाऊस तेवढा बोलावूनही येत नव्हता.

गावच्या तलावात त्या उन्हाळ्यात एका डोहापुरतं पाणी उरलं होतं. तिथं एक म्हातारे भोई मामा जाळं टाकत. माशांबरोबर कधी चुकून मऊ पाठीचं कासव अडकायचं. मामांची रीत ठरलेली. मासे नंतर, कासव आधी. गुंता सुटला नाही तर सरळ धागे कापायचे, पाठीवरून हात फिरवायचा आणि "जा माय, वाट चुकलीस," म्हणत डोहात सोडायचं. मग दिवसभर जाळं सांधत बसायचं.

एके सकाळी मी तिथं पोचलो तेव्हा जाळ्यातून परातीएवढं कासव त्यांनी नुकतंच सोडवलं होतं. नेमके त्याच दिवशी दहा वाजता जिल्ह्याचे नवे साहेब तलावातल्या गाळाचं काम बघायला येणार होते.

"थांबा मामा! साहेबांच्या हातानं सोडू."

"सायेबाचं काय काम? त्याला पाणी पायजे, सायेब न्हाई."

"पेपरात फोटो येईल. लोकांना कळेल, कासव मारू नये म्हणून."

हे वाक्य इतकं उदात्त होतं की माझाच त्यावर विश्वास बसला. मामांचा बसला नाही. पण त्यांचे सगळे सरकारी अर्ज मीच लिहून देत असे. त्यांनी कासव खाली ठेवलं.

दुष्काळी कामावरचं एक लोखंडी घमेलं आणलं, तांब्या-दोन तांबे पाणी ओतलं आणि कासव मांडवाच्या सावलीत ठेवलं. मी भाषणाची उजळणी करायला लागलो. साहेब आले दीड वाजता. तोवर बायकांनी कासवाला हळदकुंकू वाहिलं, कुणी झेंडूचा हार घातला. सावली सरकून घमेल्यावर ऊन आलं. ते मला दिसलं होतं. दिसलं, आणि मनात आलं की उन्हात फोटो चांगला निघेल.

मी कूर्मावतारापासून सुरुवात केली आणि जिल्ह्याच्या विकासाकडे वळलो. मागून मामा ओरडले, "गुर्जी, आधी सोडा, मग बोलत बसा की! त्याला कुठं भाषण कळतंय?"

लोक हसले. मीही हसलो. "दोनच मिनिटं, मामा," म्हणालो आणि आणखी पाव तास बोललो.

साहेबांनी घमेल्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "फार तापलंय हो हे!" तरी त्यांनी कासव उचलून पाण्यात सोडलं. टाळ्या पडल्या. कासव बुडालं नाही. मान लांबवून तसंच तरंगत राहिलं, शेजारी हार. मी माईकवर म्हणालो, "पाहा, निघालं आपल्या घरी!" पुन्हा टाळ्या. साहेबांची जीप धूळ उडवत गेली.

मामा कमरेएवढ्या पाण्यात उतरले. कासवाला दोन्ही हातांवर धरून ते बराच वेळ हळूहळू हलवत होते. मग त्याला काठावर आणून ठेवलं. मी माईकची वायर गुंडाळत होतो.

"जाळ्यातच दमलं असेल, मामा," मी म्हणालो.

"जाळ्यातून जितं काढलं व्हतं, गुर्जी."

पेपरात फोटो आला. शाळेत तो मीच चिकटवला, आणि मीच काढला.

अर्ज लिहून घ्यायला मामा पुढेही येत राहिले, पूर्वीसारखेच अदबीनं. पण मी तलावाच्या बांधावर दिसलो आणि त्यांच्या जाळ्यात कासव असलं, तर ते घाईघाईनं धागे तोडत, कासव पाण्यात लोटून देत आणि ते खोल गेल्याची खात्री झाल्यावरच माझ्याकडे वळून रामराम घालत.