अठरा दिवस पिशवीत राहिलेलं प्रूफ

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता माझी बायको पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करताना पाटावरून कलंडली. बारा वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. मी तेव्हा रोह्याला शाळेत होतो. निरोप आला तेव्हा गाडी नव्हती. मी एस.टी.ने आलो.

ही पाच वाक्यं अशी लिहायला मला दीड वर्ष लागलं. त्याआधी याच मजकुराची साडेतीन पानं होती. ती टाइप होऊन, शुद्धलेखन तपासून, पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात बसली होती, आणि त्या पुस्तकाचं प्रूफ छापायला द्यायचं म्हणून अठरा दिवस माझ्या पिशवीत होतं.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, अंगाचा रंग होतो, पितांबर आणि दागिने होतात, आणि सगळ्यात शेवटी ती आखणी करणाऱ्याच्या पुढ्यात येते. माझी बायको वीस वर्षं ते काम करत होती. मी रोह्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो. सकाळी पेणहून रेल्वेची गाडी, मग कासू, नागोठणे, निडी, रोहा. संध्याकाळी तेच उलटं. येताजाता वाचायचो. रविवारीही वाचायचो. हंगामात ती रविवारीही कामाला जायची. तिचा डबा राहिला म्हणून मी दोनदा कारखान्यात गेलो होतो, आणि दोन्ही वेळा डबा दारातूनच दिला होता.

ती गेल्यावर मला एका जागी बसवेना. घरात बसलो की उठायचो, उठलो की कशासाठी उठलो ते आठवायचं नाही. बसता यायचं ते फक्त गाडीत. म्हणून गाडीत लिहायला लागलो. परीक्षेच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्या माझ्याकडे होत्या, त्यांच्यावर लिहिलं. दिवाळीनंतर पाहिलं तर गठ्ठा झाला होता. तो नीट उतरवून मी पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवला. त्यांनी तो परत केला. सोबतच्या पत्रात भाषेचं कौतुक होतं.

मग पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. वर्षश्राद्धाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात प्रत द्यायची असं मुलीने सुचवलं. ती लग्न होऊन अलिबागला असते. तिने तिच्या सासरी, मामाकडे, सगळ्यांना सांगूनही टाकलं. रोह्यात माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कंपनीतल्या कामगारांचे शिफ्टचे तक्ते असं काम तो करतो. त्याने आनंदाने होकार दिला. ज्येष्ठात शेवटचं प्रूफ माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, पहिल्या पानावर ‘छापावे’ लिहायचं आणि खाली सही करायची. तेवढं केलं की सोमवारी मशीनवर.

एक शब्द आणि एक सही. मी म्हणालो, उद्या देतो.

प्रकाशकाने परत पाठवलं तेव्हा मला राग आला होता, पण निर्णय तरी दुसऱ्याचा होता. आता हो म्हणणारा मीच आणि नाही म्हणणाराही मीच. निडी येईपर्यंत प्रूफ उघडायचो, नागोठण्याला मिटायचो, कासूला उठून दाराशी उभा राहायचो. पुस्तकाचं नाव तीनदा बदललं. शीर्षकानंतर पूर्णविराम द्यायचा की नाही यावर दोन दिवस घालवले. आठवीच्या वर्गाला निबंध लिहायला दिला आणि टेबलावर प्रूफ काढून बसलो, तर मुलांचे निबंध संपले तरी मी दुसऱ्याच पानावर. चुका सापडत नव्हत्या. चुका सापडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काहीतरी बसत नव्हतं आणि ते कुठे ते कळत नव्हतं. पुस्तक तयार आहे का हे मी रोज तपासत होतो. मी तयार आहे का, हे विचारायचं टाळत होतो.

रोज छापखान्यावरून जावं लागायचं. मी पलीकडच्या बाजूने जायला लागलो. एकदा त्याने पाहिलंच. हाक मारून म्हणाला, “सर, आमच्या वह्या तुम्ही एका तासात तपासायचात. आणि लाल शाई काय कमी असायची का?”

मी हसून वेळ मारून नेली. तो म्हणाला, निदान मुखपृष्ठासाठी फोटो तरी द्या, बाईंनी आखलेल्या एखाद्या मूर्तीचा. लांबवायला एक निमित्त मिळालं म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

त्या रविवारी सकाळी मी कारखान्यात गेलो. या वेळी दारातून आत गेलो. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर गणपती, आणि खिडकीखाली ओळीने बसलेल्या बाया. हंगाम तोंडावर होता, कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. मालकांनी मला खिडकीजवळच्या एका बाईकडे पाठवलं. ती जित्याहून गाडीने येते. माझी गाडी दुसऱ्या दिशेची, म्हणून आमची कधी गाठ पडली नव्हती. पण माझ्या बायकोच्या शेजारी ती अठरा वर्षं बसत होती.

फोटोचं सांगितल्यावर तिने हात पुसले आणि वरच्या फळीवरची एक मूर्ती उतरवली. वीतभर उंचीची, शाडूची. डावा डोळा पूर्ण होता, पापणी, बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका. उजव्या डोळ्याच्या जागी काहीच नव्हतं.

ती म्हणाली, त्या मंगळवारी ताईंच्या पुढ्यात हीच होती. मागची सगळी रांग नंतर तिनेच आखली, पण ही ठेवली. दोन्ही डोळे एकाच हाताचे असावे लागतात. अर्ध्यावर कुणी उठलं तर त्यानेच येऊन पुरं करायचं, नाहीतर मूर्ती भिजवून पुन्हा माती करायची. मालक गेल्या वर्षीच भिजवा म्हणत होते, तिने टाळलं होतं.

मला फोटो हवा होता. मी तिला म्हणालो की दुसरा डोळा तुम्ही काढा, ताईंच्या शेजारी इतकी वर्षं बसलात, तुमचा हात तसाच असणार.

“दुसऱ्या हाताचा डोला लावला तर जोडी जमत नाय, सर. देव तिरका बघतो.”

“फोटोपुरता,” मी म्हणालो.

ती शेजारच्या मुलीकडे वळली. “ऐकलंस गो? सरांना फोटोपुरता देव पायजे.”

ओळीतल्या सगळ्या हसल्या. हात कुणाचाच थांबला नाही. मी वरमलो. निघणार होतो, तर ती म्हणाली, एवढं लिहिलंय तर वाचून दाखवा की. मी पिशवीतून प्रूफ काढलं. तिथल्या उलट्या घातलेल्या डब्यावर बसलो आणि पहिलं पान वाचलं. वर्गात वाचतो तसं, स्वच्छ आवाजात.

“तिची नजर शेवटपर्यंत तीक्ष्ण होती. मूर्तीसमोर बसली की ती मौन धारण करी. श्वास रोखून, एका रेषेत ती देवाला दृष्टी देई...”

शेजारच्या मुलीने तोंडावर हात धरला. मी थांबलो. जित्याच्या बाईने ब्रश पाण्यात बुडवला, ढवळला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “ही बाई चांगली हाय, सर. पन ही आमच्यात बसत नव्हती.”

मग त्या सांगायला लागल्या, एकीचं संपायच्या आत दुसरी. मौन कसलं? ती दिवसभर बोलायची. आखताना सगळ्यात जास्त. गप्प बसलं की हात आखडतो, असं तिचं मत होतं. कुणाच्या सासूची नक्कल करायची, गाडीच्या गार्डाची करायची, माझीही करायची. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा मी. जेवायला हाक मारल्यावर बोट पानात अडकवून येणारा मी. “आमचे सर पुस्तकात राहतात,” असं ती म्हणायची, “जेवायला तेवढे बाहेर येतात.”

मी हसलो. तिच्यानंतर पहिल्यांदाच. ते तिचं वाक्य होतं यात शंका नव्हती, मला तिचा आवाजही ऐकू आला. माझ्या एकशे बारा पानांत तिने उच्चारलेलं एकही वाक्य नव्हतं, हे तिथे बसल्याबसल्या लक्षात आलं.

तेवढ्यात जित्याच्या बाईने पाटाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढला. त्यात ब्रश होते, रंग पुसायच्या चिंध्या होत्या, आणि तळाशी एक चष्मा होता. त्याची डावी काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली होती. तो दोरा मी बांधला होता.

तो चष्मा माझा होता. चार वर्षांपूर्वी हरवला होता. गाडीतच राहिला असणार, असं तेव्हा माझी बायको म्हणाली होती. मी रोहा स्टेशनवर दोन दिवस चौकशी केली होती. मग नवा करून घेतला.

“ताईंना जवळचं दिसत नव्हतं,” ती म्हणाली. आवाज तिने खाली आणला, तरी ओळीतल्या बहुतेकींना माहीत असावं. आखणी करणारीची नजर गेली असं मालकांना कळलं की तिला घासकामाला बसवतात. पॉलिश पेपर घेऊन सोंडा घासायच्या. म्हणून मालक मागे गेले की ताई चष्मा लावायच्या, आणि ते वळले की ही खोकायची. डॉक्टरकडे जाऊन स्वतःचा चष्मा का करून घेतला नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, घरात दिसला असता की तुम्हाला. तुम्ही काम सोड म्हणाला असतात.

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.

मी चष्मा पुसून खिशात ठेवला. बाहेर पडताना तिला विचारलं, हे लिहिलं तर चालेल का. तिने एक डोळा पुरा केला, मूर्ती वळवली, आणि मग उत्तर दिलं. “लिवा. आता कोन तिला उठवनार हाय तिथनं?”

सोमवारी गाडीत मी दुरुस्तीला बसलो. एकच वाक्य चुकीचं आहे, असं अजूनही वाटत होतं. ‘तीक्ष्ण’ खोडलं. मग ‘मौन’ खोडावं लागलं. मौन गेल्यावर ‘श्वास रोखून’ उरेना. कासू मागे पडलं तेव्हा पहिला परिच्छेद गेला होता, नागोठण्याला पहिल्या पानावर दोन वाक्यं शिल्लक होती, त्यातलं एक हवामानाबद्दल होतं. पुढची पानं चाळली. ती समईसारखी होती, ती नदीसारखी होती, ती अमुकसारखी होती. ती कशी होती हे कुठेच नव्हतं. वाईट लिहिलं होतं असं नाही. मी मुलांना असंच लिहायला शिकवत आलो होतो.

रोह्याला उतरल्यावर नेहमीच्याच बाजूने गेलो. छापखान्यात तो शाईचे हात पुसत पुढे आला. मी त्याच्यासमोर पहिल्या पानावर ‘थांबावे’ लिहिलं आणि खाली सही केली. त्याने ते उलटं सुलटं पाहिलं.

“काय सर, पुस्तक नापास?”

“नाही,” मी म्हणालो. “मीच गैरहजर होतो.”

त्याला ते कितपत कळलं माहीत नाही. त्याने गठ्ठा सुतळीने बांधून परत दिला आणि चहा मागवला.

मुलीला फोनवर सांगणं अवघड होतं. सगळ्यांना सांगून बसले आहे, ती म्हणाली, आता काय सांगू. मी चष्म्याची हकीकत सांगितली. ती म्हणाली, “ते मला माहीत होतं, बाबा.”

वर्षश्राद्ध पुस्तकाशिवाय झालं. जेवणं झाली, लोक गेले. दोघातिघांनी विचारलं, मी अजून झालं नाही म्हणालो. त्यांनी समजुतीने मान हलवली. दुःख अजून ताजं आहे असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतर मी रविवारी कारखान्यात जायला लागलो. नुसतं बसून ऐकणारा माणूस तिथे चालत नाही. दुसऱ्याच रविवारी जित्याच्या बाईने माझ्या हातात पॉलिश पेपर दिला आणि मला सोंडा घासायला बसवलं. मला ते काम नीट जमत नाही. मी जास्त घासतो. त्यावरून दर वेळी बोलणी खातो, आणि बोलण्याच्या ओघात माझ्या बायकोचं काही ना काही निघतं. काही वेळा रविवारभर काहीच निघत नाही. घरी आलो की निघालेलं तेवढं वहीत लिहितो, त्यांच्या शब्दांत. माझा शब्द मध्ये आला की खोडतो. अस्वस्थता गेलेली नाही. वर्गातही बोटांना शाडूची पूड लागलेली असते, मुलं विचारतात.

छापखान्यातला तो अजून अधूनमधून विचारतो, केव्हा. मी सांगतो, वहीत बघावं लागेल.

ती मूर्ती या हंगामात भिजवली. भिजवण्यापूर्वी मला बोलावून घेतलं होतं. रंग खरवडून जित्याच्या बाईने ती बादलीत ठेवली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. चष्मा माझ्या टेबलावर आहे, दोरा तोच आहे. प्रूफाचा गठ्ठा कपाटावर आहे, सुतळी सोडलेली नाही. वहीत बावीस पानं झाली आहेत. पुस्तक झालेलं नाही.