पोटनिवडणूक की उपचुनाव

चोविसाव्या वर्षी मी फार शहाणी होते. आता ते शहाणपण उतरलं, म्हणून सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हिंदी राज्यातल्या सौसरला, सासरी राहून मी प्रायव्हेट बी.ए. करत होते. बोरगावच्या शाळेत मास्तरणीची एक जागा रिकामी होती. पास झाले की ती माझी. आधी दोनदा नापास झालेली. सासूबाईंनी सांगूनच टाकलं, "यंदा शेवटचं. मंग पुस्तकं माळ्यावर अन् तू वावरात, कापूस वेचायले."

शिकवायला सासरे होते, मराठी शाळेचे रिटायर मास्तर. पेपर हिंदीत यायचा, म्हणून त्यांनी हिंदी पुस्तक आणू का विचारलं. मी म्हणाले, "राहू द्या मामंजी, मले सारं समजते."

इंग्रजांच्या वसाहतींतली एक रीत त्यांनी मला सात-आठदा सांगितली. निवडून आलेला सभासद मंत्री झाला की त्याची जागा रिकामी व्हायची. मंत्रिपद टिकवायला त्याला पोटनिवडणुकीत पुन्हा उभं राहावं लागायचं. मला त्या 'पोट' शब्दाचंच हसू यायचं. त्यापायी सगळं पाठ झालं.

पांढुर्ण्याच्या परीक्षा केंद्रावर इतिहासाचा पेपर हाती आला. वीस मार्कांचा प्रश्न: 'मंत्री की नियुक्ति के कारण होने वाले उपचुनाव पर लिखिए.'

उपचुनाव? हा कोण? अर्धा तास मी त्या शब्दाकडे नुसती पाहून राहिले. मग अक्कल चालवली. सरपंचाचा उपसरपंच, तसा चुनावाचा उपचुनाव! मंत्र्याच्या हाताखाली उपमंत्री कसा निवडत, यावर मी तीन पानं लिहिली. त्याला बसायला वेगळी खुर्चीसुद्धा दिली.

घरी येऊन प्रश्न सांगितला. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अवं बाई, उपचुनाव म्हंजे आपली पोटनिवडणूकच न!"

निकाल लागला, इतिहासात मी नापास. जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलला होता, पण त्यानं तरी पेपर कुठे वाचला होता?

मी सासऱ्यांपुढे पदर पसरला. "मंत्र्याले पुन्हा उभं राहू देत होते, मले काऊन नाई? एकडाव बसू द्या न मामंजी."

सासूबाई चुलीपुढूनच बोलल्या, "तो पयले निवडून आला होता, बाई."

पुस्तकं सासऱ्यांनीच माळ्यावर ठेवली, एकेक करून.

बोरगावला दुसरी कोणी रुजू झाली. दिवाळीनंतर मी वावरात गेले. वेचलेल्या कापसाची ओटी पोटाशी जड व्हायची, तेव्हा तो शब्द आठवायचा. हसू मात्र येत नव्हतं.