खंडेनवमीला न उचललेली कानस

कोणी पोट्टा येऊन विचारतो, "काका, एखादा ट्रेड शिकू की कॉलेजात जाऊ?" की माझं डोकंच फिरतं. अरे, विचारतोस काय? जा ना बाबा, अप्रेंटिस हो! ज्याच्या हातात कसब, तो कुठंही पोट भरतो.

आमचे बाबा रेल्वेत फिटर. दुर्गला मालगाडीच्या डब्यांखाली त्यांचा जन्म गेला. मी मॅट्रिक झालो आणि त्यांनी बड्या बाबूच्या हातापाया पडून गुड्स ऑफिसात माझी कारकुनाची जागा पक्की केली. "माह्यासारखे हात काळे नको करू," हा एकच हेका. मला तर ती खुर्ची नुसती पाहूनच जीव गुदमरायचा. तिकडे भिलाईत कारखाना उभा राहत होता, पोरांना अप्रेंटिस घेत होते. माझे मामा तिथेच फिटर, सेक्टर दोनच्या क्वार्टरात राहायचे. रविवारी ते मला अंगणात बसवून लोखंडावर कानस चालवायला शिकवायचे. "घास ना बे जोरानं! पोळीले तूप लावून राहिला काय?" शेवटी माझा तुकडा असा काटकोनात यायला लागला की मामांची चिडवायची सोयच राहिली नाही. तेवढा आनंद मला पुढे कशानेच झाला नाही.

भरतीची परीक्षा आली ती नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे पाने, हातोडे, छिन्न्या पाटावर मांडून पूजा करतात, आणि दसरा उजाडेपर्यंत घरात हत्याराला कोणी शिवत नाही. लहानपणी मी पाटावरचा पाना उचलला, तर बाबांनी कानाखाली आवाज काढला होता. त्या वर्षी फुलं वाहता वाहता ते म्हणाले, "जातो तं जा. पण आज हत्याराले हात लावाचा नाई. समजलं?" मग परीक्षा कशी देऊ, हे विचारायची माझी टाप नव्हती.

कारखान्याच्या शेडमध्ये प्रत्येकाच्या व्हाइसच्या पकडीत लोखंडाचा तुकडा आवळलेला, बाजूला कोरी करकरीत कानस. परीक्षा घेणारे उस्ताद म्हणाले, "चलो, शुरू करो." बाकीची पोरं घासायला लागली. माझा हात काही कानसीकडे जाईना. घामाने सदरा पाठीला चिकटला. कसंबसं म्हणालो, "साब, आज हमारे यहाँ हथियारों की पूजा है. कल कर दूँ?"

"कल छुट्टी है," ते म्हणाले, आणि माझ्या जागेवर दुसऱ्याला उभं केलं.

सायकल रेटत घरी आलो. निदान बाबा तरी खूश होतील, असं वाटत होतं. ते जेवणाचा डबा घेऊन दारात उभे होते, दुपारपाळीला निघालेले.

"बाबा, तुमचा शब्द मोडला नाही मी. कानसीले हात लावला नाही." मग माझं लक्ष डब्याकडे गेलं. "आज ड्यूटी?"

"मंग? मालगाडी थांबते काय खंडेनवमीले?"

"म्हणजे तुम्ही आज पाना धरणार?"

"पाया पडतो अन् धरतो. दरसालच धरतो."

"मंग मलेच कावून मना केलं?"

बाबांनी चपला पायात सरकवल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तू ऐकशीन, हे मले माहीत होतं," म्हणाले, आणि गेले.

दसरा झाल्यावर मी गुड्स ऑफिसात रुजू झालो. रिटायरही तिथूनच झालो.